मी, शांताबाई आणि विटेसारखा पाव

मित्रांनो, मी एक जुना खलबत्ता आहे. बिडाचा, काळाकुट्ट, आणि वजनाला असा की मला उचलण्याआधी माणूस एकदा आपल्या कमरेचा विचार करतो. गोड बोलणे मला जमत नाही. जन्मभर लसूण, मिरची आणि सुंठ कुटणाऱ्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नका.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथे जयवंत नावाचा कारागीर वाळूचे साचे करायचा. भट्टीतले लालभडक बीड त्याच्या साच्यात ओतले आणि निवल्यावर मी बाहेर आलो, पण माझ्या काठावर एक लहानसा खळगा राहिला होता. मुकादम म्हणाला, "हा माल चालणार नाही. वितळवून टाका." जयवंतला माझी दया आली, की त्याच्या नव्या संसारात खलबत्ता नव्हता, ते मला ठाऊक नाही. त्याने मुकादमाला विचारून मला पिशवीत घातले आणि घाटकोपरला आपल्या घरी आणले. पुन्हा भट्टीत जायचे वाचलो, याचा आनंद मला आजही आहे.

जयवंतची बायको शांताबाई. मूळची जालन्याकडची, हाताने सढळ आणि जिभेने तिखट. सकाळची बुद्धवंदना झाली की ती पदर खोचून बसायची आणि माझ्यात लसणाची चटणी कुटायची. तिच्या उजव्या हाताला एक ठेका होता. खालच्या मजल्यावरच्या कुंदाताई तणतणत वर यायच्या. "शांते, तुझ्या खलबत्त्याने झोपेचं खोबरं केलं!" एवढे बोलून झाले की वाटीभर चटणी घेऊन खाली जायच्या. ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे त्यांची लेक दीप्ती मोठी झाली. पवईच्या एका ऑफिसात नोकरीला लागली आणि तिने आईसाठी मिक्सर आणला. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी गप्प बसलो, पण ते नऊ दिवस काही संपेनात. दीप्तीने मला पुसले, तेल लावले, जुन्या साडीत गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. प्रेमाने ठेवले, खोटे कशाला बोलू? पण माळ्यावर तेल वाळून गेले आणि मला गंज चढला. जयवंत गेला तेव्हाचे रडणेही मी वरूनच ऐकले.

गेल्या वर्षी शांताबाईला अर्धांगवायूचा झटका आला. ती वाचली. बोलणे ताळ्यावर आले, पाय चालू लागले, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. तरी ती स्वयंपाकघरात शिरली. एका सकाळी उकळत्या वरणाचे पातेले तिच्या हातातून सुटले आणि पाय भाजला. दीप्ती धावत आली ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने. त्या दिवसापासून ऑफिसला जाताना ती गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात कुलूपबंद करू लागली. घरात बाहेरचा डबा सुरू झाला.

"या भाजीला लसणाचा नुसता फोटो दाखवलाय," शांताबाई करवादायची.

"आई, आयतं मिळतंय ना? मग खा ना शांतपणे."

"आयतं खायला मी पाहुणी आहे का गं या घरात?"

"हात धड चालत नाही तुझा. उद्या साडी पेटली तर? मी तिकडे पवईला, तू इथे एकटी."

"चालेल हात. मी चालवीन."

दीप्ती वैतागली. "मग माझ्यासमोर उजव्या हाताने एक पदार्थ पूर्ण करून दाखव. त्या दिवशी रेग्युलेटर तुझा."

"शब्द दिलास हां. फिरवायचा नाही."

मित्रांनो, दुसऱ्याला ही गोष्ट एका चुलीपुरती वाटेल. शांताबाईला मात्र घरात आपण कोण आहोत, याचे उत्तर त्या चुलीपाशी मिळायचे होते.

व्यायाम शिकवायला शीतल नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. तिने पाण्याची भरलेली बाटली उचलायला सांगितली. शांताबाई म्हणाली, "बाटली कशाला? माझा बत्ता आहे की!" असा मी माळ्यावरून खाली आलो. शीतलने कपाळाला हात लावला, पण हळूहळू उचला म्हणाली. पहिल्या दिवशी बत्ता टेबलावरून जरासाही हलला नाही. शांताबाईने त्याला जालन्याच्या भाषेत दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा धरला. दुसरा व्यायाम शेंगदाण्यांचा होता. ताटलीतला एकेक दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वाटीत टाकायचा. दाणे निसटायचे, जमिनीवर पळायचे. ती वेचायची आणि परत सुरू करायची. दुपारभर घरात शेंगदाणे पडल्याचा आवाज येत राहायचा. मला गंज चढला होता, पण हट्टाच्या बाबतीत ही बाई माझ्याहून टणक निघाली.

एका रविवारी दीप्तीने पवईहून एक पाव आणला. शांताबाईने त्यावर टिचकी मारली. "हा पाव आहे की वीट?"

"सावरडो आहे आई. यीस्ट नाही घालत, पीठ आंबवून करतात. याचा गार्लिक टोस्ट झकास होतो."

"आंबवून? म्हणजे इडलीचा थोरला भाऊ. दे इकडे. आज हाच करते."

"आत्ता? माझ्यासमोर?"

"तसंच ठरलंय ना? लाव तो रेग्युलेटर."

दीप्तीने रेग्युलेटर लावला. पाव कापायची सुरी मात्र तिने स्वतःकडे घेतली. "ही करारात नाही," ती म्हणाली. जाड जाड काप झाले. शांताबाईने लसणाच्या पाकळ्या माझ्यात टाकल्या आणि बत्ता उचलला. उचलला, मित्रांनो! मी अभिमानाने ताठ झालो. पण उचलणे वेगळे आणि नेम धरून मारणे वेगळे. पहिला घाव माझ्या काठावर बसला आणि लसूण खिडकीकडे उडाला. दुसऱ्या घावाला बत्ता हातातून सुटला आणि खालची फरशी तडकली.

खालून कुंदाताईंचा आवाज आला, "शांते, कुटायला लागलीस का गं परत?"

हात दाखवून अवलक्षण झाले होते आणि तेही माझ्यामुळे. मी इतका जड का, याचे त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटले.

दीप्ती वाकली. "राहू दे आई. मी मिक्सरला लावते."

"हात लावू नकोस."

शांताबाई ओट्याला धरून सावरली. मग तिने गॅस पेटवला, तव्यावर लोणी सोडले आणि पावाचे काप ठेवले. साधा पाव तिच्या दुबळ्या बोटांत वाकला असता, मोडला असता. हा विटेसारखा पाव मात्र ताठ राहिला. त्याची कडक कड चिमटीत धरून तिने तो पालटला. एक काप निसटला, एकाची कड करपली, तरी ती थांबली नाही. टोस्टच्या भाजलेल्या अंगावर तिने बोट फिरवले आणि तिचे डोळे बारीक झाले.

"ही तर किसणी आहे," ती पुटपुटली.

तिने लसणाची एक सोललेली पाकळी चिमटीत धरली आणि टोस्टच्या खरखरीत अंगावर घासू लागली. हात थरथरत होता, पण पाकळी निसटली नाही. ती झिजत झिजत पावात उतरली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. वर लोणी, मीठ, कोथिंबीर, आणि लसणाचा कच्चेपणा जावा म्हणून पुन्हा तव्यावर ठेवून झाकण. घरभर असा वास सुटला की डब्यातल्या भाजीने मान खाली घातली असेल.

खरे सांगतो, आधी मला राग आला. या घरात लसूण, आणि माझ्याशिवाय? मग मी शांताबाईचा चेहरा पाहिला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

दीप्तीने एक घास खाल्ला. "कड करपलीय," ती म्हणाली. आणि तिने दुसरा घास घेतला.

"करपू दे. उजव्या हाताने केलंय का नाही, तेवढं सांग."

दीप्तीने कपाटाची किल्ली काढली आणि आईच्या उजव्या तळहातावर ठेवली. शांताबाईची बोटे एकेक करून वळली. मूठ मिटली. किल्ली खाली पडली नाही.

"आता सरक बाजूला," ती म्हणाली. "दोन टोस्ट कुंदाला करून देते. फरशीचा आवाज ऐकलाय तिने."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे थकलेले माणूस असेल. त्याला जपा, जरूर जपा. पण जपण्याच्या नावाखाली त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याचा हात थरथरेल, एखादी फरशी फुटेल, एखादी कड करपेल. तेव्हा धावून जाऊन ते काम स्वतः करू नका. जवळ उभे राहा, आणि थांबा.