पालथ्या पेल्याच्या बदलीबाबत

विषय : माझ्या डोक्यावरील पेल्याची अन्यत्र बदली होणेबाबत.

मी हिरव्या काचेची रुंद तोंडाची बरणी बोलतेय. मुक्काम ऱ्हाइन नदीचा काठ, रोमन वसाहतीच्या वेशीबाहेर, जमिनीखाली.

साच्यात फुंकून मला चौकोनी केलं, बाजूला कान चिकटवला, आणि मातुरसच्या घरी मी ऑलिव्ह मुरवत बसले. त्याच भट्टीतून तो पेलाही आला. पाण्यासारखा नितळ, कामाला शून्य. मातुरसची बायको वेरेकुंदा त्याला स्वतः धुवायची, उजेडात धरायची, ओठाला लावायची. मला घासायचा स्वयंपाकी फोर्तिस, तोही राखेने आणि शिव्या घालत. पाहुणे म्हणत, "वहिनी, हा पेला आहे की नुसती हवा?" बरणीबद्दल कोणी काही बोलल्याचं स्मरणात नाही.

पुढे वेरेकुंदाने अंथरूण धरलं. मातुरस म्हणाला, "तुझ्या अस्थींसाठी संगमरवरी कलश सांगतो."

"अहो, दगडात जीव गुदमरेल माझा. ती हिरवी बरणी आहे ना, तिच्यात ठेवा."

"मालकीणबाई, तिच्यात ऑलिव्ह आहेत," फोर्तिस डोळे पुसत म्हणाला.

"मग संपव की मेल्या! मी काय तुझ्या ऑलिव्हसाठी थांबणार आहे?"

पेला तेव्हा तिच्या हातातच होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती गेली तेव्हा मला दुःख झालंच. पण खोटं कशाला बोलू, तिने मला निवडलं त्या दिवशी आनंद झाला होता.

चिता विझल्यावर मातुरसने तिच्या अस्थी वाइनने धुऊन माझ्यात ठेवल्या. आता ती माझी, एकटीची. एवढ्यात फोर्तिसच्या हातून माझं मातीचं झाकण फुटलं. मातुरसने ज्यातून वाइन ओतली होती तो पेला पालथा करून माझ्या तोंडावर बसवला.

"बघ, कसा मापात बसला," तो रडत म्हणाला. "तिचा लाडका होता रे."

तेव्हापासून तिचे ओठ लागलेली ती कड माझ्या गळ्याभोवती आहे. मला कधी ते ओठ लागले नाहीत.

मी पाताळाच्या अधिपतींकडे रीतसर अर्ज केला. त्यावर शेरा आला : पेला हलवल्यास आत पडणारी माती कोण अडवणार?

प्रश्न रास्त आहे. तिच्यावर मातीचा कण पडलेला मला खपणार नाही. उत्तर मी दिलेलं नाही. अर्जही मागे घेतलेला नाही.

अर्ज प्रलंबित आहे.