तबक धरणारीचं सादरीकरण

स्लाइड १. आम्ही कोण

शिवकन्या आणि पौर्णिमा. एमबीए, दुसरं वर्ष. प्रकल्प: बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळाचा गोठवलेला गर, थेट युरोपच्या बाजारात.

या स्लाइडच्या जागी पडद्यावर आबासाहेबांचा फोटो होता. आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. फोटोत ते हात जोडून उभे होते आणि फोटोखाली खुर्चीत बसलेही होते. पौर्णिमा सभागृहात मागं लॅपटॉपपाशी होती. तिला ताकीद होती, सांगितल्याशिवाय फोटो हलवायचा नाही.

मी स्टेजच्या पायरीपाशी. अंगावर दुसऱ्या कुणाची तरी पैठणी. हातात तबक. तबकात शाल, नारळ, गुलाबाचा गुच्छ.

मी स्पर्धक होते. हे आधीच सांगते, कारण बघून कुणाला कळलं नसतं.

स्लाइड २. संधी

हैदराबादची एक कंपनी फळांचे गर परदेशात पाठवते. तिचे दोन परीक्षक परळीला आमच्या कॉलेजात येणार, चार गटांचे प्रकल्प ऐकणार आणि त्यातल्या एका गटाला तीन महिने युरोपातल्या रॉटरडॅमच्या ऑफिसात नेणार. शिवाय त्या गटाच्या मालाची चाचणी ऑर्डर. प्रत्येकाला पाच मिनिटं.

आम्हाला व्यवसाय-धोरण आणि आंतरराष्ट्रीय विस्तार हे पेपर बंकट सर शिकवतात. चांगलं शिकवतात, खोटं कशाला बोलू. परक्या बाजारात शिरायचे सगळे मार्ग त्यांनी फळ्यावर काढून दाखवले होते. निर्यात, परवाना, भागीदारी, स्वतःची कंपनी. त्यातला पहिला मी पकडला आणि वर्षभर सोडला नाही.

आमची वस्ती पाटोद्याच्या वरच्या अंगाला. तिथल्या बायका डोंगरातून सीताफळं उतरवतात आणि रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसतात. फळ डोळे उघडायला, म्हणजे पिकायला लागलं की दोन दिवसांत मऊ पडतं. संध्याकाळ झाली की गाडीवाला काच खाली करून भाव सांगतो आणि बाई तो घेते, कारण उद्या तेच फळ शेळीला घालावं लागणार असतं. माझी मावशी केशरबाई त्याच रांगेत बसते. मला त्या खाली होणाऱ्या काचेचा राग होता. माझ्या प्रकल्पाची सुरुवात तिथून आहे, पुस्तकातून नाही. पण स्लाइडवर मी 'बाजारातली पोकळी' असं लिहिलं.

स्लाइड ३. मुख्य धोका

वेळ.

सीताफळाचा गर हवेला लागला की काळवंडतो. टिकावा म्हणून तापवला तर कडू होतो. म्हणजे आंब्याच्या रसासारखं डब्यात घालून उकळण्याचा रस्ता बंद. फळ फोडलं की लगेच बी काढायची, पिशवीत बंद करायचं आणि गोठवायचं. पाटोद्यात एका बंद पडलेल्या दूध डेअरीची शीतखोली पौर्णिमानं शोधून काढली, मालकाला पटवली, दुरुस्त करून घेतली. बायकांनी पन्नास पिशव्या भरल्या. त्यातल्या चार आम्ही थर्माकोलच्या पेटीत घालून त्या दिवशी परळीला आणल्या आणि कॉलेजच्या कँटीनच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. पेटीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: परीक्षकांसाठी नमुना, हात लावू नये.

मग बंकट सर आले आणि म्हणाले, तबक धरायला मुली कमी पडतायत. बाकीच्या तीन गटांतल्या मुलग्यांना त्यांनी पाहुण्यांच्या गाड्या लावायलासुद्धा सांगितलं नव्हतं; ते खोलीत बसून सराव करत होते. पौर्णिमा म्हणाली, "मी न्हाई धरणार." सर तिच्याकडं बघत राहिले आणि तिला लॅपटॉपकडं पाठवलं. माझ्याकडं वळले. उंची चांगली आहे, साडी शोभेल, पाच मिनिटांचं काम.

मी विचारलं, माझं सादरीकरण?

"सत्कार झाले की लगेच तुझंच पहिलं," सर म्हणाले. "आपलेच पाहुणे हायेत गं, जरा समजून घे."

स्लाइड ४. स्पर्धक

संस्थेचे अध्यक्ष. उपाध्यक्ष. सचिव. सचिवांचे बंधू. साखर कारखान्याचे संचालक. पंचायत समितीचे आजी सदस्य, माजी सदस्य. एक डॉक्टर. पत्रकार. पत्रकारांसोबत आलेले पत्रकार. एक गृहस्थ, जे दुसऱ्याच कार्यक्रमाला निघाले होते आणि चहाला थांबले होते.

सूत्रसंचालन पवनकडं. पवन आमच्याच वर्गातला. प्रत्येक नावाआधी एक शेर, नावानंतर दोन विशेषणं, मग टाळ्या, मग फोटो, मग फोटो हलला म्हणून पुन्हा फोटो. मी पायऱ्या चढते, तबक पुढं करते, उतरते, भरते, चढते. परीक्षक आपापली शाल घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मंजुषा मॅडम मूळच्या लातूरच्या, आता हैदराबादला. दुसरे परीक्षक तेलुगू, त्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि ते सुखी दिसत होते. दोघांची परतीची गाडी दुपारी परळी स्टेशनातून होती. हे सगळ्यांना माहीत होतं. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं.

पायऱ्यांवरून जाताना मी पवनला दातांमधून म्हणाले, आता पुरे, सादरीकरणं घे.

"थांब की शिवे. लावतो तुझा नंबर," तो माईकवर हात ठेवून म्हणाला. "एक जरी राहिला ना, तर उद्या माझ्या बापाला जाब विचारतेत."

तेवढ्यात आप्पाराव आले. बाजार समितीचे माजी सभापती. उशिरा आले, पण मानानं सचिवांहून मोठे. म्हणून सचिवांच्या आधी त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. सचिवांचा तर होऊन गेलेला. स्टेजवर कुजबुज झाली आणि ठरलं असं: आप्पारावांचा करायचा, आणि क्रम चुकला असं दिसू नये म्हणून सचिवांपासून पुढं सगळ्यांचा परत करायचा.

आमच्याकडं धोरण असं ठरतं.

शाली संपल्या होत्या. बंकट सर माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, झालेल्या शाली खुर्च्यांवरून हळूच गोळा कर, घडी घालून परत तबकात ठेव, कोण बघतंय. मी गोळा केल्या. डॉक्टरांच्या मांडीवरची, पत्रकारांची, चहाला थांबलेल्या गृहस्थांची. त्यांनी ती पिशवीत कोंबली होती, तिथून ओढून काढली. एक कमी पडली. सरांनी डोळ्यांनीच परीक्षकांकडं खूण केली.

मंजुषा मॅडमनी शाल माझ्या हातात दिली. "ही परत द्यायची असते का?"

"आज द्यायची आहे."

"तुम्ही कॉलेजात नोकरीला आहात?"

"नाही. मी तुमच्यासमोर सादरीकरण करणार आहे. सीताफळाचा गर. पहिला नंबर माझा आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तबकाकडं बघितलं, मग घड्याळाकडं. काहीतरी बोलणार होत्या. पण सचिवांच्या दुसऱ्या सत्काराला शाल हवी होती.

स्लाइड ५. आपली ताकद

(पुढं चला.)

स्लाइड ६. नमुना

स्लाइडवर पिशवीचा फोटो होता. पांढरा गर, बी नाही, पाणी नाही, साखर नाही. खाली लिहिलं होतं: कृपया चव घ्या.

सत्काराच्या दुसऱ्या फेरीत कँटीनमधून स्टेजवर वाट्या आल्या. सीताफळाची रबडी. पहिली वाटी आबासाहेबांना, मग आप्पारावांना, मग मानानुसार खाली. माझ्या हातातलं तबक तिथंच थांबलं. ऑक्टोबर केव्हाच सरला होता, पाट्या उठल्या होत्या, परळीच्या बाजारात औषधाला सीताफळ नव्हतं. परळीत सीताफळ फक्त आमच्या चार पिशव्यांत होतं.

मी कँटीनकडं निघाले, तर दारात मावशी उभी होती. पेटी सांभाळायला म्हणूनच ती सोबत आली होती. हातात रिकामी पेटी, माझी अक्षरं बाहेरच्या बाजूला.

"मी म्हनलं कँटीनवाल्याला, हात लावू नगस," मावशी म्हणाली. "तर म्हनतो, सरांनी सांगितलंय, सायबापुढं काय ठिवायचं? दूध घातलं, साखर घातली. मला पन एक वाटी दिऊ का म्हनला."

ती हे हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज नेहमीच हळू असतो. तो तसाच राहिला याचा मला जास्त राग आला.

बंकट सरांना गाठलं. ते म्हणाले, अगं, परीक्षकांनापण दिली की वाटी. चव घेतलीच ना त्यांनी? उलट चांगलंच झालं.

रबडीची चव घेतली, मी म्हणाले. साखर घातलेल्या, आटवलेल्या दुधाची. गोठवलेल्या गराचा कस त्यात काय कळणार? अख्खं एक प्रकरणभर तुम्हीच शिकवलं आहे, ग्राहकापुढं उत्पादन जसं आहे तसं ठेवायचं.

सर ओशाळले. म्हणाले, "ते शिकवायचं असतं गं." आणि स्टेजवर त्यांना कुणीतरी बोलावलं म्हणून गेले. बोलावलं नसतं तरी गेले असते.

स्लाइड ७. अंमलबजावणी

आबासाहेबांचं अध्यक्षीय भाषण. विषय: ग्रामीण तरुणांनी नोकरी मागू नये, उद्योजक व्हावं, साता समुद्रापार जावं. "आमच्या पोरी आज कुठं कमी हायेत?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं हात केला. मी तबक धरून उभी होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पवन माईकवर आला आणि म्हणाला, वेळेअभावी प्रकल्पांचं सादरीकरण होऊ शकत नाही, त्याबद्दल दिलगिरी. प्रकल्प ईमेलनं पाठवले जातील. सर्वांनी जेवून जावं.

इतर तीन गटांतली मुलं एकमेकांकडं बघून हसली आणि उठायला लागली. त्यांचं काही अडलं नव्हतं. त्यांचे प्रकल्प नासणारे नव्हते, उन्हाळ्यातही तसेच राहिले असते.

मी तबक आबासाहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवलं. नारळ घरंगळत त्यांच्या पाण्याच्या ग्लासाला लागला. मी माईककडं चालत गेले आणि म्हणाले, सादरीकरण होणार आहे. पौर्णिमा, पडद्यावरचा फोटो काढ.

पडद्यावरून आबासाहेब गेले. सभागृहानं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

मी पहिलं वाक्य बोलले. दुसऱ्या वाक्याला पवननं माझा माईक बंद केला आणि स्वतःच्या माईकवर राष्ट्रगीत सुरू केलं.

तो घाबरला होता. त्याला दुसरं काही सुचलं नसणार. पण त्यानं बरोबर हत्यार उचललं, कारण राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नाही हे मला पहिलीपासून शिकवलं आहे. मी गप्प उभी राहिले. हात सरळ, मान ताठ, तोंड बंद. सगळं सभागृह उभं. सचिव उभे, त्यांचे बंधू उभे, रबडीची वाटी हातात धरून आप्पाराव उभे. माझ्या आयुष्यात मी कधी इतकी चिडले नव्हते आणि हलू शकत नव्हते.

पण राष्ट्रगीत संपतं. आणि ते संपल्यावर क्षणभर कुणीच हलत नाही. दिवसभरात पहिल्यांदा सगळे गप्प होते आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं होती.

"तुम्ही आत्ता खाल्लं ते माझं सॅम्पल होतं," मी माईकशिवाय म्हणाले. "पाटोद्याच्या बायकांनी शीतखोलीत गोठवलेला गर. परीक्षकांना दाखवायला आणला होता, तो तुम्ही रबडी करून खाल्लात. आमचा वेळ तर त्याच्या आधीच खाल्ला होता. एकाच माणसाला दोनदा शाल घालायला तुमच्याकडं वेळ होता."

 मग आबासाहेब बोलले. ते रागावले नव्हते, हे लक्षात घ्या. ते कौतुकानं हसत होते.

"पोरगी लई धीट हाय," ते बंकट सरांना म्हणाले. "हिचा सत्कार करा."

आणि बंकट सर खरंच शाल घेऊन आले. कुणाच्या मांडीवरून उचलली कोण जाणे. त्यांनी ती उघडली आणि माझ्या खांद्यांकडं हात आणले. पवननं माईक तोंडाशी नेला. फोटोवाला पुढं सरकला.

मी शाल त्यांच्या हातातून घेतली, घडी घातली आणि सरांच्या खांद्यावर ठेवली.

"सर, मला शाल नको. माझी पाच मिनिटं द्या."

ते उत्तर द्यायला आबासाहेबांकडं बघू लागले. आबासाहेब उत्तर द्यायला आप्पारावांकडं. मी वाट बघितली नाही. पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत गेले. मंजुषा मॅडमनी पर्स खांद्याला लावली होती, दुसरे परीक्षक दाराकडं निघाले होते.

"मला मेल करा," मॅडम म्हणाल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या. "मी वाचेन, खरंच."

"मेल केला होता. आठ दिवसांपूर्वी. वाचला?"

त्यांनी पर्सचा पट्टा खांद्यावर सरळ केला.

"मॅडम, आणलेलं सॅम्पल संपलं. आता माझ्याकडं बोलण्याशिवाय काही नाही. ते इथंच ऐकावं लागेल."

"माझी गाडी चुकेल."

"चुकू द्या."

मागं खुर्च्या सरकत होत्या, लोक जेवणाकडं निघाले होते, वाढपी पुऱ्यांचा पहिला घाणा निघाल्याचं ओरडत होता. मावशी रिकामी पेटी घेऊन भिंतीशी उभी होती. पौर्णिमा लॅपटॉप उघडाच उचलून, वायर ओढत, खुर्च्यांमधून आमच्याकडं येत होती.

मंजुषा मॅडमनी माझ्याकडं रोखून बघितलं. त्यांनाही राग आला होता, माझा किंवा आणखी कशाचा, ते मला कळलं नाही.

"पाटोद्यात वीज किती वेळ जाते?" त्यांनी विचारलं. "शीतखोली बंद पडली तर तुमच्या गराचं काय होतं?"

दिवसभरात माझ्या प्रकल्पाबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बसा," मी म्हणाले. "सांगते."

त्या बसल्या. मीही समोरची खुर्ची ओढून बसले. स्टेजवर आबासाहेब अजून उभेच होते, आणि त्यांना बसा म्हणायला कुणी रिकामं नव्हतं.