सहाव्या डब्याची गाठ

…टोकं आडवी होती. सुतळीची टोकं मुख्य दोरीला लागून निजायला हवीत, ही दोन्हीकडे फिसकारल्यासारखी बाहेर आलेली—विनोदनं करंजाच्या ढोलीतून डबा पुढे ओढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. स्काऊटची साधी सरळ गाठ, रीफ नॉट, नव्हतीच ती. दोन्ही वेळा उजवं टोकच डाव्यावर घेतलेलं. परकराची गाठ, म्हणायची त्याची बायको दीपाली, शाळेत पोरांना गाठी शिकवताना, आणि जो कुणी ती मारेल त्याला सगळ्यांसमोर सोडायला लावायची.

आणि हा डबा तिनंच बांधलेला. मागच्या जानेवारीत मनोरच्या या नदीकाठच्या पायवाटेवर तिनं शाळेच्या स्काऊट-गाईडसाठी सहा डबे लपवले होते, प्रत्येकाला वेगळी गाठ. मोबाईलवर अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकून डबा हुडकायचा, गाठ सोडायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, पुन्हा तीच गाठ मारून ठेवायचं. पाच डबे इतक्या हातांनी सोडले-बांधले, की त्यांत तिचं काही उरलंच नाही. सहावा मात्र कुणाला सापडला नाही... वहीत तिच्याकडून शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. पोरं बंधाऱ्यापलीकडे काट्यांत हिंडून आली. आपल्याच वेंधळेपणावर ती खूप हसली होती.

जूनमध्ये ती गेली.

आज पोरं पुन्हा येणार म्हणून शाळेनं त्याला डबे बघून ठेवायला सांगितलं, आणि कारखान्यात रजा टाकून तो सकाळीच सरावलीहून निघाला. मोबाईलात तिचा फोटो होता, याच ढोलीपाशी उभी; त्यावरूनच सहावा डबा सापडला. तिच्या हातची एक गाठ जशीच्या तशी बघायला मिळावी, एवढीच हाव. मिळाली—आणि ही अशी मिळाली.

डबे लपवून ती घरी आली ती संध्याकाळ विनोदला आठवली. म्हणाली होती, बोटं ऐकत नाहीत हो आज. मी चहा पीत होतो. दमली असशील, पडून राहा जरा, म्हणालो... तिच्या हाताकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, आधी काही जाणवलं होतं का? आजार मेंदूचा, बरेच महिने असणार. नाही, मी म्हणालो, अचानक झालं. मग तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. अचानक झालं.

निदान गाठ नीट करून ठेवावी, पोरं हसायला नकोत तिला, म्हणून त्यानं टोकं धरली. पण सोडली की गेलीच ती... धरलेली टोकं तशीच हातात राहिली. वाटेवर गलका ऐकू आला. सगळ्यांच्या पुढे ठमी, मागच्या वर्षी या गाठीवरून दीपालीची सगळ्यांत जास्त बोलणी खाल्लेली.

"काका, सहावा डबा हाय का नाय यंदा?"

"आहे," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

ठमी वाकली. गाठीकडे बघत राहिली, हसली नाही.

"बाईंनीच बांधली ना? त्यांचा हात तवा चालत नव्हता, काका. शाळेत सुतळी आमीच वढून द्यायचो."

बाकीची पोरं अजून मागे होती. ठमीनं त्याच्याकडे पाहिलं—सोडू का, असं. सगळ्या पोरांना दिसत होतं... दहा-अकरा वर्षांच्या पोरांना. आपण एवढे महिने कुणापासून काय लपवत होतो, हे विनोदला कळेना. परत कुणी विचारलं, तर काय सांगायचं, तेही. टोकं अजून त्याच्या चिमटीतच होती, आणि ठमी थांबली होती.