खालची पट्टी

चिनी मालिकांबद्दल मला कुणी विचारू नये. एकदा सुरू झाले की मी थांबत नाही, हे माझ्या सुनेला विचारा.

पहिली गोष्ट, त्या संपतात. चाळीस भाग म्हणजे चाळीस. बाकीच्या मालिकांत बघणारीचे केस पिकले तरी नायिकेचा गैरसमज काही दूर होत नाही. दुसरी गोष्ट, तिथल्या दुष्ट बायका कामात चोख असतात. सध्या आम्ही बघतोय त्यातली राजमाता राजपुत्राला विष घालते, पण चहाचा एक थेंब बाहेर सांडेल तर शपथ! नायिका मात्र वैद्य असून पाच भाग नुसती डोळ्यांत पाणी आणून उभी. अगं बाई, नाडी बघ ना त्याची!

आणि कपडे. मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते, तेव्हा त्यावर बोलायचा मला हक्कच आहे. डावी बाजू कायम उजवीवर, एक बटण नाही, सगळं नाड्यांवर, आणि तरी शिवण कशी सरळ! बाह्या तेवढ्या अती. एका बाहीत माझं एक बारकं गिऱ्हाईक सहज मावेल. आता ही वैद्यीण केस वर बांधून पुरुषाचं सोंग घेते आणि अख्ख्या राजवाड्याला पत्ता नाही. माझ्याकडे मापाला आली असती तर टेप लावल्या लावल्या पकडली असती.

ही मतं मी सगळ्यांना ऐकवते. खरं कारण मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. चिनी मालिकेत खाली भाषांतराची पट्टी येते आणि ती सगळ्यांनाच वाचावी लागते. चिनी ना मुलाला कळत, ना सुनेला. तेवढा तासभर घरात मी एकटी बहिरी नसते.

दोन वर्षं झाली. दुकानात निभावून नेते. 'तुमचं अक्षर किती छान हो' म्हणत गिऱ्हाइकालाच वहीत लिहायला लावते. फोनवर तेवढी फजिती होते. मागच्या महिन्यात एकीनं कंबर बत्तीस सांगितली, मी छत्तीस ऐकली. स्कर्ट घालून बघताना तो थेट खाली आला. मी म्हटलं, "अय्या, केवढ्या बारीक झालात!" बाई खूश होऊन गेली. मी मात्र मशीनवर बसून बराच वेळ नुसती सुईत दोरा ओवत राहिले.

मग परवा रविवारी दुपारी शेवटचे भाग बघायला बसलो, तर मुलगा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "आई, तुझ्यासाठी डब केलेली शोधून काढली. आता डोळे फोडत वाचायला नको!"

पट्टी गेली होती. माणसं ओठ हलवत होती आणि माझ्यापर्यंत नुसता गोंगाट येत होता. मी मुलाच्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघून बघून चालवलं. राजमाता काहीतरी बोलली, दोघं खो खो हसली, मीही हसले. पुढे सुनेनं नाक ओढलं, तेव्हा लक्षात आलं की वैद्यिणीचे म्हातारे गुरुजी गेले. मी अजून हसतच होते.

"आई, हसतेस काय?" मुलगा म्हणाला.

सुनेनं मालिका थांबवली. चहाचा कप तोंडासमोर असा धरला की तिचे ओठ मला दिसेनात, आणि मग खाली ठेवून म्हणाली, "आत्ता मी काय विचारलं?"

"तुझं नेहमीचंच, दुसरं काय."

"आई."

तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं अवसानच गळालं. "मला ऐकू येत नाही गं," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

मुलगा उखडला. "मग बोलली का नाहीस? आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

"माझी आई बहिरी होती," मी म्हटलं. "आधी आम्ही तिच्याशी मोठ्यानं बोलायचो. मग थोडक्यात बोलायला लागलो. ती विचारायची, काय गं, का हसलात? तर मी म्हणायची, काही नाही, जाऊ दे. मीच म्हणायची! शेवटी शेवटी तिनं विचारायचंच सोडलं. मला ते नकोय. त्यापेक्षा बहिरेपण लपवलेलं परवडलं."

मुलगा उठून डॉक्टरचा नंबर शोधायला लागला. सून त्याच्याकडे तोंड करून खालच्या आवाजात काहीतरी बोलली आणि तो गालातल्या गालात हसला.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही ना..." ती थांबली. जीभ चावली. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "म्हटलं, आईंची मतं ऐकून ऐकून कान किटले माझे, आणि बहिऱ्या झाल्या त्या!"

"अगं ए!" मुलगा ओरडला. तेसुद्धा मला ऐकू आलं.

मला राग आला, हसू आलं, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. सून घाबरली, "सॉरी" म्हणत माझे हात धरून बसली. तिला वाटलं, मला लागलं. तसं नव्हतं गं. माझ्या आईला इतकं वाईट कुणी कधीच बोललं नव्हतं, कारण तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं.