काचेआडची गोधडी

किल्ला पाहायचं खूळ सासूबाईंच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. महिनाभर एकच धोशा, "मला किल्ल्यात ने." गुडघे धड नाहीत, धाप लागते, पण हट्ट सोडतील तर शपथ. शेवटी आठवड्यातली माझी एकुलती सुट्टी त्यांच्या पायाशी वाहिली.

किल्ल्यात आता खेड्यातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. घोड्यांच्या पागेत नांगर, धान्याच्या कोठारात जाती, ताक घुसळायच्या रव्या, दुधाच्या चरव्या. जन्मभर जे उचलून कंबर मोडली, तेच तिकीट काढून बघायचं! माझे पाय भरून आले होते. सासूबाई मात्र कशापाशीच थांबेनात. "वर चल," म्हणाल्या. मी दंड धरून त्यांना एकेक पायरी चढवत वर नेलं.

वर किल्लेदाराच्या निजण्याच्या खोलीत काचेच्या कपाटात एक गोधडी पसरली होती. मी बघितलं आणि जागच्या जागी थिजले. ती माझी होती.

थोरलीच्या वेळी दिवस भरत आले असताना मी ती शिवली होती. एका कोपऱ्यात नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचा खिसा तसाच ठेवला होता, बाळाचा रुमाल ठेवायला. दोन वर्षांपूर्वी ती गोधडी घरातून नाहीशी झाली. सासूबाईंनी ती गुपचूप नणंदेला दिली, असं मी धरून चालले होते आणि त्यावरून मनातल्या मनात दोघींना रोज शिव्या घालत होते. तेवढा विरंगुळा होता मला.

शेजारी पाटी होती: 'शंभर वर्षांपूर्वीची. खिसा बियाणं ठेवण्यासाठी असावा. शिवणारी अज्ञात.'

अज्ञात! मला रागानं रडूच आलं. त्या घरात राबराब राबले, पण 'छान केलंस' एवढे दोन शब्द सासूबाईंच्या तोंडून कधी निघाले नाहीत. आणि आता तर माझं नावही गेलं.

सासूबाईंनी काचेवर बोट ठेवलं. स्टुलावर बसलेली राखणीची बाई उठून आली. "आजी, हात नका लावू."

"का नको? माझ्या सुनेनं शिवलीय ती," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "ही काय, ही उभी आहे. हिच्यासारखा टाका आमच्या अख्ख्या गावात कुणाचा नाही."

खोलीतली माणसं वळून बघायला लागली. बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "खरं आहे का हो? तसं असेल तर साहेबांना कळवावं लागेल. नवी वस्तू इथे ठेवत नाहीत, काढून टाकतील."

एक 'हो' म्हणायचं होतं. पण मग साहेब येणार, चौकशी होणार, खोटं कुणी सांगितलं ते निघणार, घरी नवरा डोकं धरून बसणार. मला कशाचंच बळ उरलं नव्हतं.

"नाही हो," मी म्हटलं. "वय झालंय. हल्ली असंच काहीबाही बोलतात."

बाईनं समजूतदारपणे मान हलवली. सासूबाईंनी ते ऐकलं. मी त्यांना खाली आणलं, तशा त्या अंगणातल्या बाकावर टेकल्या.

"मला वेडी ठरवलंस," मग म्हणाल्या.

"तुम्हीच ना त्यांना खोटं सांगितलंत?"

"इथले लोक वस्तू मागायला आले होते. सगळं घर पालथं घातलं. चारचौघांत मांडावं असं तेवढंच एक निघालं. पण जुनंच हवं म्हणाले, म्हणून माझ्या आईच्या वेळचं आहे, कुणी शिवलं ठाऊक नाही, असं दिलं ठोकून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बोलायला कुठे जमतं मला? म्हणून तर इथवर आणलं तुला."

ज्या शब्दांसाठी मी इतकी वर्षं झुरले, ते त्यांनी वर सगळ्यांदेखत काढले होते. आणि मी म्हणाले होते, वय झालंय.

"आई, वर जाऊन खरं सांगून येते."

त्या गुडघा चोळत राहिल्या. "राहू दे," म्हणाल्या. "आता दोघींनाही वेडं म्हणतील."