टार्सिअरची मान

टार्सिअर हा प्राणी मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तरी म्युझियमने त्याचं मॉडेल माझ्याकडूनच मागवलं, कारण या कामाला दुसरा कोणी मिळाला नाही. उगाच माझी कीर्ती वगैरे समजू नका. मुठीएवढा जीव, उंदरासारखी शेपटी, बेडकासारखी बोटं आणि तोंडभर डोळे. फोटो बघून वाटलं, देवाने उरलेसुरले सुटे भाग एकदाचे संपवले असावेत.

मी वर्कशॉपमध्ये फायबरच्या अंगावर चिमट्याने केस चिकटवत होतो आणि ताई समोरच्या स्टुलावर बसून काहीच करत नव्हती. हे तिच्या स्वभावात नाही. माझी ही मोठी बहीण त्याच म्युझियममध्ये गाइड. माणसांचा घोळका मागे घेऊन दालनादालनांतून बोलत सुटायची, ऐकणारे दमायचे पण ही नाही. मागच्या वर्षी आजारात तिचा डावा डोळा काढावा लागला. त्या जागी बसवलेला कृत्रिम डोळा रंगाला हुबेहूब आहे, पण तो फिरत नाही. उजवा खिडकीकडे वळला तरी डावा आपला समोरच. लोक बोलणं सोडून तेच बघत बसतील, या धास्तीने ती घरातसुद्धा काळा चष्मा लावायची.

म्युझियमच्या मोठ्या बाईंनी तिला सरळ विचारलं होतं: पुन्हा गाइड म्हणून येतेस, की तळघरातल्या गोदामात वस्तूंची देखभाल करतेस? टार्सिअर दालनात बसेपर्यंत त्यांना उत्तर हवं होतं. ताईचं उत्तर ठरलेलं होतं. गोदाम.

मला ते मुळीच पटत नव्हतं. तिथे हिने बोलायचं कोणाशी, खोक्यांशी? पण मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "तू तुझी माकडं सांभाळ."

त्या दिवशी मात्र तिनेच विचारलं, "हे माकडच का रे?"

"माकडांच्या लांबच्या नात्यातलं. दिवसा झोपतं, रात्री शिकार करतं. एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा."

"म्हणजे तुझ्या उलट. तुझ्याकडे दोन्हीचा तुटवडा."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी तिने टोमणा मारला होता. त्या भरात मी बोलून गेलो, "आणि गंमत म्हणजे, एवढे मोठे डोळे, पण खोबणीत घट्ट बसलेले. जरासुद्धा फिरत नाहीत."

बोललो आणि जीभ चावली. ताई उठली. चष्मा कपाळावर चढवून मॉडेलच्या अगदी जवळ आली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग बाजूला काय चाललंय ते कसं कळतं त्याला?"

"मान फिरवतो. दोन्हीकडे, पार पाठीपर्यंत."

"आणि अडत नाही त्याचं?"

"अंधारात उडी मारून किडा पकडतो. अडतं कुठे?"

ती मॉडेलच्या तोंडासमोर वाकली. मग म्हणाली, "ठोंब्या, मग याचं तोंड माझ्याकडे आणि नजर दाराकडे कशी?"

मी बघितलं. खरंच की! त्याचं असं आहे, बुबुळं नेहमी जराशी तिरकी बसवायची, म्हणजे प्राणी जिवंत वाटतो, हा आमच्या उस्तादांनी शिकवलेला पहिला धडा. हरीण, कोल्हा, रानमांजर, सगळ्यांना मी तसंच बसवत आलो. हात सवयीने चालला. तोंडाने सांगतोय डोळे फिरत नाहीत, आणि हाताने मात्र फिरवून ठेवलेत.

"लोकांना जिवंत वाटावा म्हणून..." मी पुटपुटलो.

"सरळ बघूनसुद्धा तो जिवंतच आहे!" ताई कडाडली. एवढा राग काही त्या फायबरच्या जिवासाठी नव्हता, हे मलाही कळलं. मी केसांचा चिमटा ठेवून पटाशी उचलली.

डोळे काढून सरळ बसवले. मग ताईच्या हुकुमावरून मान कापून तोंड पाठीकडे वळवलं. मानेला सुरकुत्या कुठे पडतील याचा काही केल्या अंदाज येईना, तेव्हा ती स्वतःच आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि मान वळवून वळवून बघू लागली. काळा चष्मा माझ्या टेबलावर, डिंकाच्या डब्याशेजारी पडून होता. मी त्याच्याकडे मुद्दामच बघितलं नाही.

टार्सिअर दालनात बसला त्या दिवशी एका शाळेची मुलं आलेली होती. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय ठरलं?" ताई म्हणाली, "थांबा, आधी याची ओळख करून देते." तिने चष्मा काढून माझ्या खिशात खुपसला.

पाठ इकडे आणि तोंडही इकडे, असा तो प्राणी बघून मुलांनी आ वासला. ताई बोलत होती, मुलं सरकत सरकत पुढे येत होती. तेवढ्यात पुढची एक चिमुरडी ताईकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचा एक डोळा हलतच नाही."

शिक्षिका दटावायला धावल्या. मी खिशातला चष्मा बाहेर काढू लागलो.

"बरोब्बर!" ताई म्हणाली. "याचे दोन्ही हलत नाहीत, माझा एकच. मी अजून शिकाऊ आहे."

आणि मुलांकडे पाठ करून तिने जमेल तेवढी मान मागे वळवली. "बघू, कोणाची जास्त फिरते?" क्षणात सगळं दालन माना मुरडून उभं.

मोठ्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मग गोदामाचं काय करायचं?"

"दुसरं कोणी बघा," मी म्हणालो. डोळे भरून आले होते. बाईंना दिसू नयेत म्हणून मग मीही मान फिरवली.