पोटाखालची चकती

मिनलने शोधलेल्या माशाला तिच्या वडिलांचं नाव मिळणार, ही बातमी काळेवाडीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झाली होती. ते, साहेबराव, भोसरीतल्या पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. शास्त्रीय नावात आपल्या नावाला शेवटी एक 'आय' लागतो, हे ते विहारात भेटेल त्याला समजावून सांगत. एका रविवारी वंदनेनंतर तिथे मिनलचा सत्कारही झाला. माशावरचा लेख अजून छापून यायचाय, असं ती दोनदा म्हणाली, पण वडिलांचा चेहरा बघून तिसऱ्यांदा बोलली नाही.

मासा बोटाच्या दोन पेरांएवढा. कोकणच्या किनाऱ्यावर, ओहोटीला खडकांत उरणाऱ्या डबक्यांच्या तळाशी राहणारा. त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे पोहणं थांबवलं की तो तळ गाठतो. डोळे पार डोक्याच्या माथ्यावर. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटीसारखी चकती झालेली असते आणि तिच्या जोरावर, लाटा आदळत असतानाही, तो खडक धरून बसतो. त्याच्या जवळच्या सगळ्या जातींत या चकतीच्या पुढच्या काठाला एक पातळ पडदा असतो. मिनलकडच्या चौदा माशांपैकी एकालाही तो नव्हता. परांतले काटे आणि अंगावरचे खवले यांच्या मोजणीत किरकोळ फरक होते, पण नव्या जातीचा दावा उभा होता तो या नसलेल्या पडद्यावर.

मासे आणून दिले होते गणराजने. तो मूळचा गुहागरकडचा, निघोज्यातल्या एका कंपनीत ऑपरेटर. पूर्वी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचा. मिनल एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि उरलेल्या वेळात पीएचडी करत होती. रजा मिळणं अवघड, त्यामुळे तिचं किनाऱ्यावर जाणं एकदाच झालं होतं, आणि तेव्हाही हाती एकही मासा लागला नव्हता. गणराज गावी निघाला की ती त्याच्याजवळ बाटल्या द्यायची आणि तो त्या भरून आणायचा.

लेख छापायला जायला बारा दिवस उरले असताना संपादकांनी माशाचा पोटाकडून काढलेला आणखी एक फोटो मागितला. गणराजने नुकतेच दोन नवे मासे आणून दिले होते. दुपारच्या तासानंतर मिनलने त्यातला एक उलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

पडदा होता. दुसऱ्यालाही होता.

तिने जुने चौदा मासे पुन्हा एकेक करून पाहिले. चकतीच्या दोन्ही कडांना, जिथून पडदा सुरू व्हायला हवा, तिथे बारीक धागे लोंबत होते. दोन वर्षांत तिने ते शंभर वेळा पाहिले असतील. बाटलीत मासे एकमेकांवर घासून कडा झिजत असतील, असं ती धरून चालली होती. आता ते फाटलेल्या पडद्याचे उरलेले धागे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी ती निघोज्याला गेली. पहिली शिफ्ट सुटल्यावर गणराज गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. मासे कसे धरतोस, एवढंच तिने विचारलं.

"सोडतच नाय ओ ते खडक," तो म्हणाला. "मग पत्र्याची पट्टी घालायची खालून आणि उचलायचं. आमच्या कंपनीतलीच पट्टी आहे."

"आणि या वेळचे दोन?"

ते त्याच्या बायकोने, दीपमालाने, तांब्याने पाणी उपसताना आपसूक आले होते. गणराजने कप खाली ठेवला. त्याचं काही चुकलं का, असं त्याने दोनदा विचारलं. नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. कसे धरायचे हे तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

तिचे मार्गदर्शक ज्योतीराम सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे तिची समजूत घातली. ते दोन मासे शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या जातीचे असतील. लोंबणारे धागे तिला आता दिसतायत, कारण तिला ते पाहायचे आहेत. लेख येऊ दे, शंका असेल तर पुढच्या वर्षी पाहू. लेखावर त्यांचंही नाव होतं. मिनलला त्यांचं म्हणणं मनापासून पटवून घ्यायचं होतं. तिने आणखी दोन दिवस मोजण्या केल्या. काटे जुळले, खवले जुळले. सगळे मासे एकाच जातीचे होते, आणि ती जात जुनीच, आधी नोंदलेली होती.

घरी तिने आधी आईला, सोजरबाईंना सांगितलं. साहेबराव तिथेच पेपर वाचत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पेपरची घडी घातली.

"माशाच्या पोटाखाली कोण बघणार आहे?" ते म्हणाले.

"मी बघितलंय, पप्पा."

त्या रात्री ते जेवायलाही बसले नाहीत. सकाळी मिनलने संपादकांना पत्र पाठवून लेख मागे घेतला आणि सरांना तसं कळवलं. सरांनी तिला काढून टाकलं नाही, पण सहामाही अहवालावर त्यांची सही दोन महिने मिळाली नाही. विद्यार्थ्यांसमोर ते तिला 'मॅडम' म्हणू लागले.

साहेबरावांनी रविवारी विहारात जाणं सोडलं. विचारायला कोणी आलं तर काम अजून चालू आहे, असं सांगत. सोजरबाईंना त्याचा त्रास होई, मिनलला जास्त. रात्रंदिवस एका छताखाली राहून बापलेकीत कामापुरतंच बोलणं उरलं.

मे महिन्यात एका दुपारी तिने दीपमालाने धरलेला एक मासा, काचेच्या ताटलीत ठेवून, भिंगासह वडिलांपुढे धरला. त्यांनी चष्मा काढला, भिंग डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, उजव्यात सुरू होत होता. बराच वेळ ते ताटली तिरपी करून बघत राहिले.

"मला काही पडदा दिसत नाही," ते म्हणाले.

"आहे, पप्पा."

त्यांनी ताटली तिच्याकडे दिली.

"तू म्हणतेस तर असेल," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.